दोन्ही पाय टेकतील अशी गाडी

तुम्ही चोर आहात.

मोटारसायकलच्या कारखान्यात बसून आसनाची उंची ठरवणारे जे कोणी साहेब असतील, त्यांना हे म्हणतोय. तुमचं नाव मला ठाऊक नाही, हुद्दा ठाऊक नाही, पण तुमचे पाय लांब आहेत एवढं मी शपथेवर सांगेन. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. काट्याखाली चुंबक चिकटवणारे पाहिले, मापाच्या बुडाशी मेण ओतणारे पाहिले, दगडाच्या वजनाला आतून पोखरणारे कलावंतही पाहिले. मापात पाप करणारा माणूस मी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. पण ते बिचारे चिमूटभराचे चोर. तुम्ही माणसाच्या पायाखालची जमीनच पळवता. आणि वर गुळगुळीत कागदावर छापता, 'प्रत्येकासाठी'. हा शब्द एखाद्या किराणावाल्याने पाटीवर लिहिला असता, तर मी त्याच दिवशी दुकानाला सील ठोकलं असतं.

माझी उंची पाच फूट दोन इंच. बूट काढून सांगतोय. त्यात मला काडीची लाज नाही. आमच्या खात्यात लहान मापालाही मोठ्या मापाइतकाच मान असतो, फक्त शिक्का बरोबर हवा.

आता तुम्ही विचाराल, या वयात मोटारसायकल कशाला? छे, तुम्ही नाही विचारणार, तुम्हाला ती खपवायची असते. बाकी सगळ्यांनी विचारलं. दूधवाल्याने विचारलं, न्हाव्याने विचारलं, ज्याच्याशी माझं जन्मात बोलणं नाही त्या लिफ्टमनने विचारलं. म्हणून एकदाच सांगून टाकतो.

माझी बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली, ती गेलीच. घाटापलीकडच्या शहरात मुलगी राहते. बाळाचे दात येईपर्यंत थांबते म्हणाली. दात आले. चालायला लागेपर्यंत म्हणाली. चालायला लागलं. आता ती नात शाळेत जाते आणि मी फोन केला की विचारते, "आजोबा, तुम्हाला आजीशी बोलायचंय का?" जसा काही मी गॅस कंपनीतून बोलतोय. भांडण नाही, तंटा नाही, वकील नाही. कोणी विचारलं तर काय सांगायचं तेही मला कळत नाही. "मुलीकडे असते" असं म्हणतो आणि विषय बदलतो.

आमचं फोनवरचं बोलणं असं असतं.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय केलं होतंत?"

"भात."

"आणि?"

"आणि काय? भात."

मग दोघांनी थोडा वेळ फोन धरून बसायचं. मग ती म्हणणार, "बरं, ठेवते." एकदा मात्र मी नेटाने विचारलं, "तू येणार कधी?" तर म्हणाली, "येऊन करू काय हो? तुमच्या त्या दोन खुर्च्यांत बसू? एकीत तुम्ही, एकीत मी, आणि समोर टीव्ही?"

फोन ठेवला आणि बघितलं. खुर्च्या खरंच दोन होत्या. तिच्या खुर्चीवर मी इस्त्रीचे कपडे ठेवत होतो. कपडे उचलून कपाटात टाकले, तर खुर्ची आणखीच वाईट दिसायला लागली, म्हणून परत आणून ठेवले.

मग ठरवलं. हिला फिरवायचं. घरात बसायचंच नाही, डोंगर म्हणू नका, समुद्र म्हणू नका, जिथे रस्ता तिथे जायचं. मोटारीचा विचार आधी केला आणि लगेच सोडला, कारण मोटारीत पुन्हा दोन खुर्च्या. शिवाय मध्ये गिअर. काचेला टीव्ही समजलं तर घरात आणि मोटारीत फरक तो काय? मोटारसायकलला एकच आसन असतं आणि मागच्याला पुढच्याचा खांदा धरावा लागतो. हे मी हळवा होऊन बोलत नाही. ती गाडीची रचनाच तशी आहे.

त्यातही जाती असतात हे मला तेव्हा कळलं. शर्यतीची असते तिच्यावर माणूस पालीसारखा पालथा पडतो. दगडधोंड्यांतून जाणारी असते तिच्यावर चढायला शिडी लागते. या दोघींच्या मधली एक असते. पळते चांगली, लांबचा पल्ला मारते, पाठ फार मोडत नाही, बाजूंना सामानाचे डबे लावता येतात, आणि मागच्याला टेकवायला ओंजळीएवढी नव्हे तर खरीखुरी जागा देते. तिला स्पोर्ट टूरिंग म्हणतात. मी म्हटलं, हीच. सून पसंत करायची असती तरी एवढ्या लवकर ठरलं नसतं.

पहिल्या शोरूममध्ये सेल्समनने दार उघडलं आणि माझ्या डोक्यावरून मागे पाहिलं. माझ्यामागे कोणी नव्हतं.

"काका, मुलासाठी बघताय?"

"माझ्यासाठी."

"अच्छा, अच्छा. अरे, काकांना स्कूटरकडे घेऊन जा!"

मी स्कूटरकडे गेलो नाही. मी तिथल्या सगळ्यात देखण्या मोटारसायकलवर टांग टाकली. टांग निम्म्या वाटेत आसनाला अडकली. सेल्समनने ती उचलून पलीकडे ठेवली, जसं विसरलेलं गाठोडं कोणी फळीवर ठेवतं. मग माझे पाय जमिनीकडे निघाले आणि वाटेतच थांबले. शाळेच्या बाकावर पहिल्या दिवशी बसवलेल्या पोरासारखे ते दोन्ही बाजूंना लोंबकळत होते. "पोचले का?" सेल्समनने विचारलं. एखाद्या पाव्हण्याची चौकशी करावी तसं.

दुसरीकडे उंची कमी होती, पण आसन एवढं रुंद, की जमीन जवळ आली आणि पायच लांब गेले. ही तुमची खास लबाडी, साहेब. पत्रकात उंची छापता, रुंदी छापत नाही. अरे, माणसाचा पाय सरळ खाली जातो की आधी बाहेर जाऊन मग खाली वळतो, यावर सगळं अवलंबून असतं! तिसऱ्या ठिकाणी पाय टेकले, पण गाडी म्हणजे गाभण म्हैस. जरा कलली आणि मीही तिच्याबरोबर कललो. सेल्समन आणि वॉचमन यांनी मिळून आम्हा दोघांना सरळ केलं.

चौथी गाडी निळसर करड्या रंगाची होती. आसन पुढे निमुळतं, वजन आवरता येईल एवढं, हँडल हाताशी. डावा चवडा लागला, उजव्याचं बोट लागलं. जवळजवळ जमलं होतं. आणि इथे मी ती चूक केली. ही चूक फक्त वजनमापे खात्यातलाच माणूस करू शकतो, म्हणून ती करताना मला अभिमान वाटत होता.

आमच्या खात्याचा नियम असा, की रिकाम्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. रिकामा असताना सगळ्यांचाच काटा खरं बोलतो. त्यावर भार ठेवायचा आणि मग नोंद घ्यायची. मी सेल्समनला म्हटलं, "मागे बसा."

"मी?"

"भारासह तपासणी करायची आहे. बसा."

तो बसला. चांगला खातापिता होता. गाडी उसासा टाकल्यासारखी खाली बसली आणि माझ्या टाचा जमिनीला लागल्या. टाचा! दोन्ही! शोरूममधले दोन ग्राहक वळून बघायला लागले, कारण मी मोठ्याने ओरडलो होतो. मी तिथेच सही ठोकली. मनात नोंद घेतली, 'भारासह योग्य'. मागची जागा रिकामी असेल ही शक्यता मी धरलीच नव्हती. कशी धरणार? त्या जागेवर कोण बसणार हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. ती बसणार, म्हणूनच तर गाडी घेतली.

गाडी घरी आणली तेव्हा सेल्समनच मागे बसून आला. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला मी दोन्ही पाय असे टेकवत होतो, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस पाय टेकवायलाच बाहेर पडलाय. इमारतीच्या दारात आलो. सेल्समन म्हणाला, "अभिनंदन, काका," आणि उतरला.

गाडी वर आली.

जमीन खाली गेली म्हणा हवं तर. माझ्या टाचा सुटल्या, मग चवडे सुटले. लोक म्हणतात गाडी पडली. मोठी गाडी पडत नाही, ती निजते. सावकाश, विचार करून, एका कुशीवर. आणि आपण 'अगं अगं अगं' म्हणत तिच्याबरोबर निजतो. आम्ही सोसायटीच्या सचिवांच्या कुंड्यांवर निजलो.

हे सचिव सहा फूट तीन इंच आहेत. मागे आम्ही त्यांना खांब म्हणतो आणि तोंडावर साहेब. उंटावरचा शहाणा ही म्हण ऐकली होती, पण यांना उंटाची गरजच लागत नाही. ते वरून वाकून म्हणाले, "पडलात का?"

"नाही. जमिनीची पाहणी करतोय."

"गाडी मोठी झाली हो तुम्हाला."

"शर्ट मोठा होतो, साहेब. गाडी मोठी होत नाही."

"तेच म्हणतो. शर्ट आखूड करता येतो. गाडीचंही बघा काहीतरी." आणि कुंड्यांकडे पाहून म्हणाले, "याचं नंतर बघू."

मग सुरू झाले सल्ले. इमारतीत जो माणूस माझ्याशी गेल्या कित्येक महिन्यांत एक शब्द बोलला नव्हता, तोही थांबून बोलायला लागला. खरं सांगतो, मला ते आवडलं. संध्याकाळी मी मुद्दाम गाडीजवळ जाऊन फडक्याने पुसत बसायचो. कोणीतरी यायचं. "अजून उंचच का?" विचारायचं. मी म्हणायचो, "अजून उंचच." मग आम्ही बोलायचो.

पहिला सल्ला बुटांचा. चांभाराने तळाला असे थर चढवले, की मी घरातल्या घरात पंख्याला घाबरायला लागलो. पण त्या जाड तळव्यातून गिअर कुठे आणि ब्रेक कुठे हेच कळेना. पहिल्याच वळणावर मी ब्रेक समजून रिकाम्या हवेवर पाय दाबला. गाडी सरळ एका लाँड्रीत शिरली. लाँड्रीवाला म्हणाला, "कपडे कुठेत?"

दुसरा सल्ला आसन तासण्याचा. आसनवाल्याने पुढचा फोम एवढा कापला, की उतार झाला. ब्रेक मारला की मी घसरून टाकीवर जाऊन आदळायचो. कुठे आदळायचो ते लिहीत नाही, घरात लेकीबाळी वाचतात. वाचत नाहीत म्हणा, पण वाचल्याच तर.

तिसरा सल्ला मेकॅनिकचा. हा मेकॅनिक स्वतःला वस्ताद म्हणवून घ्यायचा. "काका, टेन्शन नाही. मागचा शॉक खाली घेतो, पुढचे पाइप वर सरकवतो, गाडी अशी बसते की तुम्ही गुडघे टेकवाल." त्याने गाडी खाली घेतली. पाय टेकले, कबूल करतो. मी गाडी दारात आणली, साइड स्टँडवर लावली आणि ऐटीत वर घरी गेलो. स्टँड मात्र पूर्वीच्याच लांबीचा होता, हे वस्तादच्या लक्षात आलं नाही. गाडी खाली गेल्यावर स्टँड लांब पडला, त्यामुळे गाडी कलायच्या ऐवजी ताठ उभी राहिली. ताठ उभ्या असलेल्या गाडीला काय, वाऱ्याची झुळूक पुरते. खिडकीतून पाहतो तर ती दुसऱ्या कुशीवर निजलेली. आता कुंड्या नव्हत्या, त्या आधीच फुटल्या होत्या. तिथे खांबसाहेबांची स्कूटर होती.

"नियमाने जा," खांबसाहेब म्हणाले. राग त्यांच्या डोक्यातून तोंडापर्यंत यायला वेळ लागतो, अंतर जास्त आहे. "गाडीत बदल केलाय, तर नोंदणी कचेरीत कळवा. उद्या विमा हात वर करेल."

मी नियमाचा माणूस. गेलो. खिडकीतल्या कारकुनाने कागद पाहिला, बाहेर येऊन गाडीला टेप लावली आणि म्हणाला, "ही ती गाडी नाही."

"तीच आहे हो."

"कागदावर उंच आहे. ही बुटकी आहे."

"खाली घेतलीय."

"मग वर घ्या."

"वर घेतली की माझे पाय टेकत नाहीत."

"चालकाचे पाय टेकले पाहिजेत असा नियम आहे का?"

"नाही."

"झालं तर मग," असं म्हणून त्याने खिडकी लावली. काय तो आवाज होता! तसा आवाज फक्त सरकारी खुर्चीतूनच निघतो. मला व्यवसायबंधू म्हणून कौतुक वाटलं आणि गिऱ्हाईक म्हणून रडू आलं.

गाडी पुन्हा वर घेतली. आसन पुन्हा भरलं. बूट माळ्यावर टाकले. जिथून निघालो तिथेच येऊन पोचलो, वाटेत मात्र बऱ्याच वेळा पडलो. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं म्हणतात, माझ्याकडे गाढव तेवढं राहिलं.

तेव्हा कुठे मला शोरूममधली ती नोंद आठवली. भारासह योग्य. गाडीला दोष नव्हता. मागे कोणीतरी हवं होतं, एवढंच.

मी खांबसाहेबांना विनंती केली. म्हटलं, एक चक्कर माझ्यामागे बसा. ते बसले. पण त्यांचे पाय एवढे लांब, की सिग्नलला मी टेकवायच्या आत त्यांचेच टेकायचे. माझ्या दोन्ही बाजूंना मागून दोन खांब उतरायचे आणि गाडी दगडासारखी उभी. शेजारच्या रिक्षातली बाई माझ्याकडे बघून तिच्या मुलाला म्हणाली, "बघ, बाबा कसे शिकवतायत." खांबसाहेब खूश. म्हणाले, "तुम्ही चालवा, उभी मी करत जाईन." चार दिवस आम्ही असे फिरलो. बाजारात गेलो, तळ्यापर्यंत गेलो. मग त्यांच्या घरून हाक आली. त्यांच्या घरी हाक मारायला माणूस आहे. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी खाली हेल्मेट घालून थांबलो. ते आले नाहीत. मी हेल्मेट काढलं नाही, कारण ते घातलेलं असलं की थांबलोय हे लोकांना कळत नाही. वाटतं, आता निघणार आहे.

मग वाळूची कल्पना सुचली. मागच्या आसनावर वाळूचं पोतं बांधायचं. किती वाळू? अंदाजपंचे काम मी करत नाही. जी बसणार तिच्या वजनाएवढी. आणि तेव्हा मला कळलं, की गावातल्या प्रत्येक दुकानातल्या प्रत्येक वजनाची मला ओळख आहे, फक्त हे एक वजन मला माहीत नाही. फोन केला.

"जेवलात का?"

"ते राहू दे. तुझं वजन किती?"

पलीकडे तिने नातीला गप्प केलं.

"काय म्हणालात?"

"वजन. कपड्यांसकट सांगितलंस तरी चालेल."

"एवढ्या दिवसांनी हे विचारायला फोन केलात?" तिने फोन ठेवला. मी अंदाजाने पोतं भरलं.

पोत्यातून वाळू उडू नये म्हणून वरून तिचाच जुना रेनकोट चढवला, टोपीसकट, आणि दोरीने करकचून बांधला. गाडी खाली बसली. दोन्ही टाचा टेकल्या. मी कोणालाही न सांगता घाटाकडे निघालो. सांगायचं होतं, पण सांगणार कोणाला?

घाटाच्या पायथ्याशी ट्रॅफिक हवालदाराने शिट्टी मारली.

"बाईंना हेल्मेट कुठंय?"

"बाई नाहीत त्या."

त्याने रेनकोटकडे पाहिलं. मग आदबीने वाकून म्हणाला, "सॉरी, काकू. पण नियम सगळ्यांना सारखा." काकू बोलेनात. त्याने माझ्याकडे पाहिलं. "आजारी आहेत का?"

"वाळू आहे."

त्याने टोपी उचलून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "काका," तो म्हणाला, "वाळू घरपोच मिळते."

"बांधकामाला नाही नेत. वजनाला आहे."

"वजनाला बाईचा रेनकोट कशाला?"

पोतं झाकायला घरात दुसरं काही नव्हतं का? होतं. चादर होती, जुना पडदा होता. त्याने हात हलवला आणि जाऊ दिलं. दंड केला असता तर बरं वाटलं असतं. त्याच्या नजरेत जे होतं ते दंडापेक्षा महाग पडलं.

घाट चढताना पहिल्या मोठ्या वळणावर मी म्हणालो, "घट्ट धर." तोंडातून निघून गेलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मग दुसऱ्या वळणावर म्हटलं, "बघ, खाली नदी दिसते." तिसऱ्यावर सेल्समनची गोष्ट सांगितली. लाँड्रीची सांगितली. खांबसाहेबांची सांगितली तेव्हा मला स्वतःलाच एवढं हसू आलं, की गाडी बाजूला घ्यावी लागली. घरात दोन खुर्च्यांत बसून आम्ही जेवढं बोललो नसू तेवढं मी त्या घाटात एका पोत्याशी बोललो. पोतंही ऐकून घेत होतं. ते माझ्यासारखंच कमी बोलतं.

घाट उतरून चहाला थांबलो, तर टाचा टेकल्या नाहीत. चवडे टेकले. वाटलं, दमलोय. पुढच्या थांब्याला चवडे नीट टेकेनात. मागे वळून पाहिलं, तर पोतं कोपऱ्यात उसवलेलं आणि रेनकोट खाली खाली बसत चाललेला. घाटभर बारीक रेघ सांडत आलो होतो. मुलीच्या शहरात शिरलो तेव्हा मागे फक्त रेनकोट होता, आणि मी प्रत्येक सिग्नलला उंच फुटपाथ शोधत होतो, डावा पाय ठेवायला.

मुलीने गच्चीतून पाहिलं. "बाबा? हे काय? आई! आई, बाबा बघ कशावर आलेत!"

बायको खाली आली. पायात पळायचे बूट, केस आखूड केलेले. मी ओळखलं, पण ओळखायला एक क्षण लागला आणि तो तिला दिसला. सकाळी चार बायकांबरोबर टेकडीवर जाते म्हणाली. चेहऱ्यावर ऊन होतं. तिने गाडीभोवती एक फेरी मारली.

"तुम्ही चालवत आलात? घाटातून?"

"हो."

"एकटे?"

"एकटाच म्हणायचं. बस."

"आत्ता?"

"चौकापर्यंत."

मला वाटलं होतं, नको म्हणेल. तिने मुलीचं हेल्मेट मागवलं, खांद्यावर हात ठेवला आणि टांग टाकून बसली. माझ्यापेक्षा सहज बसली. गाडी खाली आली. मी दोन्ही टाचा टेकवल्या आणि अंगातून जी कळ गेली तिला काय म्हणतात मला माहीत नाही. माझं शिक्षण तेवढं नाही.

निघालो. खांद्यावर तिचा हात होता. ती मागून काहीतरी म्हणाली, वाऱ्यात ऐकू आलं नाही, पण ती हसत होती एवढं खरं. चौकात सिग्नल लागला. मी थांबलो आणि राहवेना म्हणून ओरडलो, "बघ! बघ खाली! दोन्ही पाय टेकले!"

तिने वाकून पाहिलं. "मग? एरवी नाही टेकत?"

"एरवी कुठले टेकतात? मागे कोणी बसलं तरच. तू बसलीस की बरोबर दोन्ही. तुझ्या वजनाला ही गाडी..." आणि मी थांबलो, पण उशिराच थांबलो.

"म्हणून वजन विचारलंत."

"हो."

"म्हणजे मला न्यायला आलात, की पाय टेकवायला?"

साहेब, मी आयुष्यात शेकडो दुकानदारांना उलटतपासणीत गारद केलंय. त्या चौकात उलटतपासणी माझी होती. शेवटी जे खरं होतं तेच म्हणालो. "तू नसलीस की टेकत नाहीत, एवढंच सांगतोय."

खांद्यावरचा हात जरा जास्त दाबला गेला आणि मला वाटलं, झालं. पण तो उतरण्यासाठी घेतलेला आधार होता.

"उतरते. इथून घर जवळ आहे, चालत जाते."

"रागावलीस?"

"नाही हो," ती म्हणाली, आणि आवाजात राग खरंच नव्हता. "पण इथे माझे पाय टेकलेत. माझं मी बघायला नको का?"

गाडी वर आली. मी एका चवड्यावर, भर चौकात, हँडल घट्ट धरून. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. वळून पाहिलं असतं तर गाडी निजली असती, म्हणून मी आरशात पाहिलं. ती गेली नव्हती. फुटपाथवर उभी होती, हेल्मेट हातात, माझ्याकडे बघत. जात नव्हती आणि येतही नव्हती. तिच्या डोक्यात काय चाललंय ते एवढ्याशा आरशात दिसत नाही.

मागचा टेम्पोवाला ओरडला, "ओ काका, चला की!"

"थांब रे!" मी त्याच्यावर ओरडलो. मग समोर बघत, पाठमोराच, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिला म्हणालो, "अगं, मला वळता येत नाहीये! नुसती उभी राहू नको, तोंडाने सांग! येणार आहेस की नाही?"